मुनीमजींच्या लेखी पेज शून्य

दवनीवाडा,
वैशाखातला शुक्रवार, दुपार

आदरणीय विहीणबाई सुशीलाबाई यांस दवनीवाड्याहून गोमतीचा रामराम.

(आपल्याकडे तोंडानं समधीन म्हणतात, पण कागदावर विहीणबाई जास्त शोभतं, म्हणून तसं लिहिलं. राग नसावा.) इकडे मी बरी आहे, म्हैस बरी आहे, आणि घरात तिसरं कोणी नाही, तेव्हा घरचे सगळे बरे आहेत असं समजावं. तुमचा गुडघा कसा आहे? परवा बसमधून उतरताना तुम्ही तो धरला होता, ते मी पाहिलं होतं. तुम्ही लपवलंत म्हणून मीही विचारलं नाही. आमच्याकडचा रस्ता असा आहे की ज्याचा गुडघा दुखत नाही त्याचाही दुखायला लागतो. एवढ्या उन्हात तुम्ही माझ्यापायी आलात, त्याचे आभार मानावेत म्हणून हे पत्र लिहायला घेतलं आहे.

फोन का नाही केला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर आपल्या दोघींचं बोलणं "बाकी काय" आणि "बाकी बरं" एवढ्यावर येऊन संपतं. शिवाय फोनवर नाही म्हणणं फार सोपं जातं. पत्राला नाही म्हणायचं तर माणसाला बसून लिहावं लागतं, पाकीट आणावं लागतं, पोस्टापर्यंत जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात एखाद्याचं मन बदलूही शकतं. (तुम्हाला नाही म्हणण्यासारखं मी काय विचारणार आहे, ते पुढे येईल. अजून माझंच धाडस झालेलं नाही.)

आधी मुनीमजींची हकिकत सांगते, कारण सगळं त्यांच्यापासून सुरू झालं. दिवाळीत माझी साखर वाढलेली निघाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. गोंदियाला रक्त दिलं, कागद आला, आणि तो वाचून तुमच्या लेकीचा चेहरा असा उतरला की मला माझी काळजी वाटायच्या आधी तिचीच वाटली. (गुंजन गुणाची पोर आहे. तुम्ही तिची आई म्हणून हे लिहीत नाही. तुमच्यामागे शेजारणींनाही हेच सांगते, फक्त थोडं कमी करून.) पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप बसवलं. काय खाल्लं ते त्यात लिहायचं, मग ते सांगतं की त्यात कॅलरी किती, साखर किती, तेल किती. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही. राईस मिलमध्ये गादीवरचा मुनीम जसा नाकावर चष्मा ओढून प्रत्येक पोत्याची चौकशी करतो, तशी हे प्रत्येक घासाची करतं, म्हणून मी त्याला मुनीमजी म्हणते. तिनं तुमच्याही फोनात मुनीमजी बसवले आणि आपल्या चौघांची एक पंगत करून दिली, म्हणजे कोणी काय खाल्लं ते चौघांनाही दिसावं. (पंगत हा शब्द माझा. ती ग्रुप म्हणते.) पुण्यात माझ्या टिकेशचं आणि गुंजनचं अशी दोन पानं, गोंदियाला तुमचं एक, दवनीवाड्याला माझं एक, अशी लांबलचक पंगत आहे, आणि वाढायला कोणीच नाही.

तर ह्या मुनीमजींना आपल्याकडचं काही म्हणजे काही कळत नाही. मला वाटायचं, एवढं सगळं त्यांना शिकलेल्या डॉक्टरांनी सांगितलं असेल. गुंजन म्हणाली, नाही मम्मी, पुष्कळशा नोंदी माझ्यातुमच्यासारख्यांनीच भरलेल्या असतात. म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीसारखं झालं, ज्याच्या हातात कोळसा आला तो लिहून गेला. लाखोळीची डाळ लिहायला गेले तर मुनीमजींनी लॉलीपॉप पुढे केलं. एका पोळीला एकानं सत्तर लिहिलं, दुसऱ्यानं तीनशे. दुसऱ्याची बायको पोळ्या जाड करत असेल, असं समजून मी त्याला माफ केलं. पण भातानं मला अगदी घोळात घेतलं. तुम्ही मिलच्या गावात राहता, तुम्हाला लगेच समजेल. आपल्याकडे "किती जेवता" असं कोणी विचारलं की माणूस तांदूळ सांगतो, भात सांगत नाही. लग्नाच्या जेवणालासुद्धा माणशी तांदूळच धरतात. मी प्रामाणिकपणे सकाळी धुवून घातलेले तांदूळ लिहिले. मग ताटात वाढून घेतला तेव्हा भात लिहिला. मग वाटलं, हा घरचा चिन्नोर आहे, त्याचा मान वेगळा ठेवावा, म्हणून चिन्नोर शोधला. तो मुनीमजींनी कधी ऐकलाच नव्हता, तेव्हा नाइलाजानं बासमती लिहिलं. (चिन्नोरला बासमती म्हणताना मला टिकेशच्या बाबांची फार आठवण आली. ते असते तर त्या दिवशी जेवले नसते.) अशा रीतीनं एकाच गंजात शिजलेला भात मुनीमजींनी मला तीनदा जेवायला घातला आणि वर लाल अक्षरात दम दिला.

कोचईच्या वड्यांची गोष्ट तर तुम्ही गुंजनकडून ऐकली असेलच. न्हाणीच्या सांडपाण्यावरची शेवटची पानं होती, दिवाळीनंतरची. चार वड्या खाल्ल्या आणि तसं लिहिलं. कोण्या भल्या माणसानं अख्ख्या पातेल्याचा हिशोब एका वडीच्या नावावर टाकून ठेवला होता, एका वडीत नऊशे कॅलरी. पंगतीत माझ्या नावापुढे छत्तीसशे उमटले. गुंजन ऑफिसातली बैठक सोडून बाहेर आली आणि मला फोन केला. म्हणाली, मम्मी, तुम्ही खरं सांगा, काय खाल्लंत. मी सांगितलं. मग ती हसायला लागली, मीही हसायला लागले, आणि आम्ही सासूसुना अर्धा तास बोललो. वड्यांवर बोललो, पुण्यात ही पानं अळू म्हणून कुठे मिळतात त्यावर बोललो, तिच्या लहानपणी तुम्ही वड्यांत चिंच किती घालायचात त्यावरही बोललो. दुसऱ्या दिवशी तिनं ती नोंद चुकीची आहे असं कंपनीला कळवलं, आणि आठवड्याभरात ती दुरुस्त झाली. आता एका वडीच्या कॅलरी बरोबर आहेत. त्यानंतर वड्यांवरून फोन आला नाही.

मुनीमजींची एक गोष्ट मात्र मला मान्य करावीच लागेल. रोज रात्री आठ वाजता ते विचारतात, आज जेवण झालं का. हे विचारणारं आता घरात दुसरं कोणी नाही. टिकेशचे बाबा होते तेव्हा रोज विचारायचे, आणि तेही पुढ्यात बसून, मी जेवताना पाहत असताना विचारायचे. मी चिडायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील, आणि आता मी फोनला उत्तर देते, हो जी, झालं. (आवाज देऊन सांगायची गरज नसते, बटण दाबलं की पुरतं. पण मी सांगते.) ते पाणी प्यायलाही सांगतात, दिवसातून इतक्या वेळा की त्यांचं सगळं ऐकलं तर इटियाडोह धरण कोरडं पडेल.

एकटीसाठी स्वयंपाक करणं किती अवघड असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको, विहीणबाई. हाताला अजून दोघांच्याच मापाची सवय आहे. तांदूळ दोघांचे पडतात, मग उरतात, मग दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाजी तर दोन वांग्यांची होतच नाही. दोन वांगी फोडणीत अशी बिचारी दिसतात की गॅस बंद करावासा वाटतो. म्हणून ऊन तापायला लागल्यावर मी पेजेवर आले. मूठभर तांदूळ पुष्कळ पाण्यात शिजवले, मीठ घातलं, कैरीचं लोणचं घेतलं की झालं. सकाळीही पेज, रात्रीही पेज. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळेच पेज पितात, त्यात विशेष काही नाही. विशेष असं झालं की मुनीमजींकडे पेज सापडली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आपलं काहीतरी त्यांना माहीत होतं. मी रोज तीच लिहायला लागले, आणि आकड्यांकडे पाहिलंच नाही.

आकडे असे होते. पेज, एक वाटी: कॅलरी शून्य, साखर शून्य, तेल शून्य, सगळं शून्य. ज्यानं कोणी ही नोंद भरायला घेतली, त्याला नाव लिहून होताच कोणीतरी हाक मारली असेल, आणि तो उठून गेला असेल. (हाक मारायला घरात माणूस होतं, एवढं त्याचं नशीब.) झालं, पंगतीत माझ्या नावापुढे रोज शून्य उमटायला लागलं. मुनीमजी रात्री विचारायचे, जेवण झालं का, मी म्हणायचे, झालं, आणि ते म्हणायचे, आज तुम्ही काहीच खाल्लेलं नाही. मला वाटलं, म्हातारे झाले असतील.

आठवडा उलटल्यावर गुंजननं ते पाहिलं. तिनं फोन केला तेव्हा मी म्हशीपाशी होते आणि फोन घरात. तिनं टिकेशला सांगितलं, टिकेशनं केला, तरी मी म्हशीपाशीच. मग टिकेशनं शेजारच्या कैलाशला फोन केला. कैलाश धावतच अंगणात आला. म्हणाला, "काकी, तू काऊन जेवून नाही राहिली? टिकेशदादा म्हणे, मायनं अन्न सोडलन म्हणून." हे त्यानं अंगणातून म्हटलं, आणि कैलाशचा आवाज तुम्हाला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत अर्ध्या दवनीवाड्याला कळलं होतं की गोमतीनं अन्न सोडलं. पलीकडच्या घरातली भूमेश्वरी पोपटाच्या शेंगांच्या दाण्यांची भाजी घेऊन आली आणि पदर तोंडाला लावून विचारायला लागली, "काय झाला वो काकी तुले? कोनी काही बोलला का?" मी म्हटलं, मी रोज पेज पिते, मला काही झालेलं नाही. ती म्हणाली, असंच म्हणतात सगळे. कोणी दूध आणलं, कोणी भाकर आणली. एका म्हाताऱ्या बाईनं माझा गंज उघडून आत पेज आहे की नाही ते पाहिलं, आणि आहे म्हणून बाकीच्यांना सांगितलं, तरी कोणी उठेना. दोन दिवस माझ्या दारात चपला मावत नव्हत्या.

तुम्हाला खरं सांगते, मला ते दोन दिवस फार बरे गेले. मग सगळ्यांना उलगडा झाला की चूक फोनात होती. सगळे हसले, आपापली भांडी घेऊन गेले, आणि घर पुन्हा होतं तसं झालं.

तुम्ही त्याच्या दुसऱ्याच दिवशी आलात. उलगडा झाल्याचं गुंजननं तुम्हाला कळवलं होतं, तरी आलात, म्हणालात, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झोप लागणार नाही. एका हातात पिशवी, पिशवीत डबा, दुसऱ्या हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. मी तांब्या पुढे केला, तर तुम्ही हात जोडलेत. "नाही जी समधीनबाई, पानी भी नको. लेकीचा घर होय. मी आनली ना आपला." मी आग्रह केला नाही. लेकीच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत तुमच्या आईनं पाळली, माझ्या आईनं पाळली. माझी आई तर ह्याच सपरीत, दारापुढच्या पडवीत, तहानेनं ओठ चाटत बसायची आणि मला म्हणायची, तहान नाही. लग्नाला पाच वर्षं झाली, तुम्ही कितीदा आलात, आणि कधी घोटभर पाणी घेतलं नाहीत. टिकेशचे बाबा म्हणायचे, विहीणबाई येऊन गेल्या की आपली विहीर चार दिवस रुसते. (काही घरांत नातवंड झालं की ही रीत सैल होते म्हणतात. त्या विषयावर मी काही लिहीत नाही. गुंजन हे पत्र वाचणार नाही, पण पत्रांचा भरवसा नसतो.)

मग ऊन चढलं, तुमची बस चारची, आणि दोघींनाही भूक लागली. तुम्ही सपरीतल्या खाटेवर डबा उघडलात, मी समोर पाटावर माझी पेज घेऊन बसले. तुम्ही तुमचं खाल्लंत, मी माझं प्यायले. तुम्ही तिथे बसल्याबसल्या म्हणालात, लोणच्याला वास चांगला आहे, आणि मी फोड पुढे करायला गेले, मग दोघींच्याही लक्षात आलं, आणि मी हात मागे घेतला. तेवढंच. पण विहीणबाई, टिकेशचे बाबा गेल्यापासून माझ्या समोर बसून कोणी जेवलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. दिवाळीत पोरं येतात, ती फोन पाहत जेवतात, ते मी धरत नाही. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा पेज वाढून घेतली. तुमच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

चारच्या बसनं तुम्ही गेलात. रात्री पंगत उघडली, तर तुमच्या नावापुढे चहा आणि दोन बिस्किटं होती. मी मागचे दिवसही पाहिले. (पाहायला नको होते, पण गुंजननंच दाखवायची सोय केली आहे.) रोज रात्री चहा आणि दोन बिस्किटं. बिस्किटांच्या कॅलरी मात्र मुनीमजींना तंतोतंत ठाऊक आहेत.

असो. पत्र फार लांबलं. आभार मानायचे होते, ते मानले. गुडघ्याला एरंडाचं पान बांधून पाहा. दुसरं काही काम नव्हतं.

तुमची विहीण,
गोमती

ता. क. दुसरं काही काम नव्हतं असं वर लिहिलं, ते खोटं आहे. पुढच्या सोमवारी माझ्याकडे या. डबा आणू नका. दुपारी माझ्यासोबत जेवा, आणि जमलं तर दर सोमवारी या. हेच विचारायचं होतं, आणि ह्यासाठीच फोन केला नाही.

ता. क. रीतीचं मी बघितलं आहे. समाजात रीतीभाती गुलाबचंद भाऊजींना विचारतात, म्हणून त्यांना जाऊन विचारलं की लेकीच्या घरी खाल्लं असं कधी म्हणायचं. ते म्हणाले, "पोटात गेला का खाल्ला. त्याच्यात पुसाचा काय आहे?" मी म्हटलं, आणि ज्याच्यात काहीच नसते, ते पोटात गेलं तर? त्यांनी बराच विचार केला, मिशीला हात लावला, आणि म्हणाले, "मंग ते हवा होय." हवेला आपल्या समाजात मनाई नाही. आता मुनीमजींचा कागद काढा. पेज, एक वाटी: सगळं शून्य. तुमची स्वतःची लेक माझ्या तोंडापेक्षा ह्या मुनीमजींवर जास्त विश्वास ठेवते, हे साऱ्या दवनीवाड्यानं पाहिलं आहे. तेव्हा तिच्याच हिशोबानं तुम्ही माझ्याकडे येऊन काहीही खाल्लेलं नसेल. गुंजन ती नोंद दुरुस्त करायला निघाली होती. मी तिला म्हटलं, राहू दे, मला आता सवय झाली आहे. माझ्या साखरेची काळजी करू नका. खरा हिशोब डॉक्टरांच्या कागदावर वेगळा लिहिते.

ता. क. एवढ्या लांबून येऊन नुसती पेज कशी द्यायची, हा विचार रात्रभर छळत होता. म्हणून सकाळी मी स्वतःच मुनीमजींकडे काही नव्या नोंदी भरल्या. बरबटीचे (म्हणजे चवळीचे) वडे, गोमतीच्या घरचे: शून्य. गुलगुले, गोमतीच्या घरचे: शून्य. वांग्याची भाजी (चार वांग्यांची): शून्य. चिन्नोर भात: शून्य. कैरीचं लोणचं, एक फोड: शून्य. जो तो वाटेल ते लिहून जातो म्हणून मी वर लोकांना नावं ठेवली, ती परत घेते. (ह्या नोंदी आपल्या चौघांच्या पंगतीपुरत्याच आहेत, बाकी जगाला मी फसवत नाही.) गुंजननं विचारलं तर सांगा, सासूबाईंना जमत नाही ते.

ता. क. पाणी पाहायला गेले, तर ते पहिल्यापासूनच शून्य आहे, आणि मुनीमजींची ही एक नोंद अगदी बरोबर निघाली. तेवढं तरी त्या दिवशी घ्यायचं होतं, विहीणबाई.